एका मिलिमीटरचा वाद

माझा वाद एका मिलिमीटरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकांतून लोक राजकारणावर भांडतात, साहित्यातल्या कंपूंवर भांडतात, निदान चकलीच्या भाजणीवर तरी भांडतात. त्या थोर वादांच्या पंगतीत अनारशावरच्या खसखशीच्या एका दाण्याएवढे अंतर घेऊन मी पाटावर बसतो आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे. पण गेली दोन वर्षे या एका मिलिमीटरवरून स्नेह्यांनी, शेजाऱ्यांनी आणि माझ्याच छंदातल्या जाणत्या मंडळींनी मला इतका उपदेश केला आहे की, आता उत्तर देणे भाग आहे. आणि उत्तर देताना मी बचावाचा पवित्रा घेणार नाही. तो मिलिमीटर सोडून द्यायला सांगणारी वृत्तीच मला मान्य नाही. तिने केलेले नुकसान माझ्या टेबलावरच्या इंजिनापुरते असते, तर मी लेखणी उचललीच नसती.

प्रकरण असे आहे. मी पितळेच्या पत्र्यातून वाफेच्या आगगाडीची छोटी इंजिने बनवतो. विलायतेत या छंदाचा फार मोठा पसारा आहे आणि तिथे अशा इंजिनांचे सुटे संच विकत मिळतात. पाकीट फोडल्यावर हातात इंजिन येत नाही. एक-दोन सपाट पत्रे येतात. त्यांवर जाळीसारखे कोरलेले शंभरावर भाग, आणि प्रत्येक भाग चिमुकल्या दांड्यांनी चौकटीला धरून ठेवलेला. हे कोरीव काम छिन्नीचे नव्हे, रसायनाचे. पत्र्याच्या दोन्ही अंगांना उजेडाने घट्ट होणारा लेप देतात, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडतात, कच्चा राहिलेला लेप धुऊन काढतात, आणि उघड्या पडलेल्या धातूवर फेरिक क्लोराइडचे फवारे मारतात. दोन्ही बाजूंनी धातू खाल्ला गेला तिथे पत्रा आरपार कापला जातो. एकाच बाजूने खाल्ला गेला तिथे अर्धी जाडी शिल्लक राहते. या अर्ध्या जाडीतच सगळी खुबी आहे. घडीची रेघ अर्धी कोरलेली असते, म्हणून पत्रा नेमका तिथेच वाकतो. रिव्हेटची जागा मागच्या अंगाने अर्धी कोरलेली असते, म्हणून टोच्याने हलके दाबले की पुढच्या अंगाला टाचणीच्या डोक्याहून बारीक फुगवटा उठतो. पुढचे काम करवतीचे, कानशीचे, चिमट्याचे आणि सोल्डरचे.

आता माझ्या पत्र्यावर कोणते इंजिन होते ते सांगतो, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. इंग्लंडात स्टॅफर्डशायर परगण्यात ‘लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे’ नावाची एक चिमुकली रेल्वे होती. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, लांबी सव्वाआठ मैल. १९०४ साली ती सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. उणेपुरे तीस वर्षांचे आयुष्य. तिच्यावर इंजिने दोनच, लीड्सच्या किट्सन कारखान्यात बनलेली. पुढे दोन छोटी चाके, मध्ये सहा जोडचाके, मागे चार छोटी चाके. त्यांतल्या एकाचे नाव ‘ई. आर. कॅल्थ्रॉप’. दोन्ही इंजिने भंगारात गेली, रूळ उखडले गेले, आणि १९३७ पासून त्या वाटेवर लोक पायी फिरायला जातात.

हा ई. आर. कॅल्थ्रॉप कोण? पुणेकरांना किंवा मुंबईकरांना ठाऊक नसेल, पण बार्शीकरांना ठाऊक असायला हवा. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, आणि कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे ही त्याच्या डोक्यातली कल्पना. १८९७ साली ती धावू लागली, १९०६ साली पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. लातूर ते मिरज सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. कापसाचे गठ्ठे आणि पंढरीचे वारकरी तिने पिढ्यान्‌पिढ्या वाहिले. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे अरुंद रूळ काढून ब्रॉडगेज आले. मॅनिफोल्ड खोऱ्यातली रेल्वे बांधताना कॅल्थ्रॉपने बार्शीला कमावलेला अनुभव वापरला. त्या इंजिनांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत पुढच्या बाजूला जो भला मोठा दिवा दिसतो, तो इंग्लंडातल्या कुंपणबंद रुळांसाठी कोणी लावत नसे. तो आपल्याकडच्या काळोख्या माळरानावरचा दिवा. विद्या नेहमी विलायतेहून इकडे येते असे आपण ऐकत आलो. या एका बाबतीत ती बार्शीहून तिकडे गेली आहे.

तर मग मिलिमीटर. या नमुन्याचे प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर. म्हणजे अडीच फुटी रुळांतले अंतर बरोबर १० मिलिमीटर यायला हवे. चौथीतल्या मुलाचे गणित. पण पाकिटातल्या कागदावर लिहिले होते : रुळांचे अंतर ९ मिलिमीटर धरावे.

हे नऊ कोठून आले? १९६० च्या दशकात जर्मनीत एक अगदी छोटी खेळरेल्वे निघाली. तिचे प्रमाण एकास एकशेसाठ, आणि युरोपातल्या मोठ्या रुळांचे १४३५ मिलिमीटर अंतर त्या प्रमाणात ९ मिलिमीटर होते. तिचे रूळ, चाके, मोटारी जगभर स्वस्तात मिळू लागल्या. अरुंद मापाच्या गाड्यांचे नमुने करणाऱ्यांनी तेच रूळ उसने घेतले आणि वर आपल्या प्रमाणातले इंजिन बसवले. तेव्हा ही अडचणीतून काढलेली वाट होती आणि तिला मी नावे ठेवत नाही. पण अडचण संपली तरी वाट तीच राहिली, आणि आता तिलाच शास्त्र म्हणतात. त्या नऊ मिलिमीटरवर आज माथेरानची गाडी चालवतात, जिचे रूळ दोन फुटी, म्हणजे ८ मिलिमीटर हवेत. त्याच नऊवर वेल्समधली टॅलिलिन रेल्वे चालवतात. तिचे माप सव्वादोन फूट, म्हणून तिला तेवढे नऊ शोभतात. आणि त्याच नऊवर बार्शीचे अडीच फूटही चालवतात. तीन रेल्वे, तीन डोंगर-माळ, तीन माणसांनी तीन कारणांनी ठरवलेली तीन मापे; आणि आपण म्हणतो, सगळ्यांना एकच चप्पल घाला.

यावर माझ्याविरुद्ध तीन पक्ष उभे आहेत. तिघांचेही म्हणणे मी शक्य तितके त्यांच्याच बाजूने मांडतो, म्हणजे पुढे तक्रार नको.

पहिला पक्ष शेजाऱ्यांचा. ते म्हणतात, “अहो, एवढा खटाटोप कशाला? आता तयार इंजिने काय सुरेख मिळतात! घरबसल्या मागवा.” हे खरे आहे. आज कारखान्यातून रंगवून येणाऱ्या नमुन्यांचे बारकावे थक्क करणारे असतात. त्रिमितीय छपाईने निघणारे भागही इतके नाजूक असतात की, माझ्या टोच्याने उठवलेले रिव्हेट त्यांच्यापुढे खेडवळ दिसावेत.

दुसरा पक्ष माझ्या छंदबंधूंचा. ते म्हणतात, “दहा मिलिमीटरचे रूळ कोणी विकत नाही. तुमचे इंजिन आमच्या मांडणीवर चालणार नाही, आमचे तुमच्या मांडणीवर चालणार नाही. एका मिलिमीटरपायी माणसाने एकलकोंडे व्हावे का?” हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. छंद हा चार माणसांत बसायचाही एक मार्ग असतो, आणि त्या मंडळींच्या घरचा चहा मी पुष्कळ प्यालो आहे.

तिसरा पक्ष कागदाच्या भक्तांचा. ते म्हणतात, “ज्याने पत्रा कोरला तो तुमच्यापेक्षा शहाणा. त्याने सांगितले तसे जोडावे. आपली अक्कल पाजळू नये.” हाही मूर्खपणा नव्हे. कागदावरची पायरी चुकवून पुढे गेलेले पुष्कळ लोक अर्ध्या इंजिनापाशी थांबलेले मी पाहिले आहेत.

आणि या तिन्ही पक्षांचा एक समान मंत्र आहे, तो म्हणजे “चालतंय की!” माझे भांडण मुख्यतः या मंत्राशी आहे.

कारण तो एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रुळांवर तीन इंच होतात. कॅल्थ्रॉपच्या मुकादमाने “तीन इंचांनी काय होतंय, चालतंय की” असे म्हणून रूळ जवळ आणून ठोकले असते, तर पहिली गाडी बार्शीला पोचायच्या ऐवजी कुर्डुवाडीच्या खडीवरच विसावली असती. तुम्ही म्हणाल, ते खरे रूळ होते, हा नमुना आहे. मान्य. पण मग नमुना कशाचा आहे, हे तरी सांगा. अरुंद मापाच्या रेल्वेचे सारे व्यक्तिमत्त्व तिच्या अरुंदपणात असते. वरचा डौल किती, खालचा पाया किती, डबा रुळांच्या बाहेर किती झुकला आहे, हे पाहताक्षणी डोळ्याला कळते. रूळ एक दशांशाने अरुंद केले की इंजिन टाचा जुळवून उभ्या राहिलेल्या माणसासारखे अवघडलेले दिसते. पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही. पण काहीतरी चुकते आहे एवढे त्याला कळते.

आता दुरुस्तीची गोष्ट. लोकांना वाटते, मी सगळे इंजिन मोडून नव्याने बांधले. तसे काही नाही. या इंजिनाची चौकट चाकांच्या बाहेर असते. चाके आत, चौकट मधे, आणि आसांची टोके चौकटीतून बाहेर येऊन त्यांवर क्रँक बसवलेले. म्हणजे सिलिंडर, जोडदांडे, क्रँक हे सारे बाहेरच्या बाजूला आपापल्या जागी राहते, आणि चाकांना मात्र आतल्या आत अर्धा अर्धा मिलिमीटर बाहेर सरकायला मुभा असते. बेअरिंगची आतली कड कानशीने खाली उतरवायची, चाके आसावर नव्या मापाने बसवायची, आणि रुळांवरून वीज घेणाऱ्या कांस्याच्या तारा तेवढ्याच वाकवायच्या. रूळही काही आकाशातून आणावे लागत नाहीत. तांब्याचा थर दिलेल्या पट्ट्यांवर रुळांच्या सळ्या सोल्डरने डकवल्या आणि मापाचा ठोकळा मधे ठेवून तपासल्या की झाले. चार रविवार जातात. ज्यांनी मला दोन वर्षे उपदेश केला, त्यांचे त्याहून जास्त रविवार गेले असतील.

पण चाके सरकवायला चौकट उघडली, आणि दुसराच प्रश्न पुढे आला. कागदाप्रमाणे सगळे आस चौकटीत ताठ बसवायचे होते. सहाही जोडचाके एका पातळीत ताठ बसली आणि रूळ केसभर जरी उंचसखल असला, तरी एखादे चाक अधांतरी राहते. चार पायांचे स्टूल फरशीवर डुगडुगते ते याच कारणाने. आणि चाक उचलले गेले की विजेचा स्पर्श तुटतो. मग इंजिन आचके देत चालते. यावर उपाय जुना आहे, आपल्या देवघरातल्या तिवईचा. तीन पायांची वस्तू कधी डुगडुगत नाही. मागचा आस ताठ ठेवला, तिथे दोन टेके झाले. पुढच्या दोन आसांच्या मधोमध एक डोलती दांडी टाकली, तिचा मध्यबिंदू हा तिसरा टेका. आता एक आस वर गेला तर दुसरा खाली येतो आणि सहाही चाके रूळ सोडत नाहीत. मग बाजूच्या टाक्यांत शिशाचे तुकडे भरले, आणि सोनाराच्या काट्यासारख्या एका छोट्या काट्यावर एकेक आस ठेवून पाहिला. तिन्ही आसांवर सारखे वजन येईपर्यंत शिसे मागेपुढे केले.

आणि इथे मला कॅल्थ्रॉप भेटला. वाचकहो, हे मी अलंकारिक बोलत नाही. बार्शी रेल्वेमागचा त्याचा मूळ सिद्धांतच हा होता की, प्रत्येक आसावर सारखे वजन हवे, आणि ते पाच टनांच्या वर जाता कामा नये. इंजिन असो, मालाची वाघीण असो, आस वाढवा पण एका आसावरचा भार वाढवू नका. तसे केले की यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम पंधरा किलोचे हलके रूळ पुरतात. आजच्या आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला साठ किलोचे रूळ असतात, म्हणजे चौपट. रूळ हलके, म्हणून खर्च कमी. खर्च कमी, म्हणून बार्शीसारख्या गावाला रेल्वे परवडली. त्याने बार्शीसाठी किट्सनकडून बनवून घेतलेल्या पहिल्या इंजिनांना आठ जोडचाके आणि मागे चार छोटी चाके होती, म्हणजे एकंदर सहा आस. मॅनिफोल्डच्या इंजिनालाही आस सहाच. हे सगळे मी पुस्तकात वाचले होते आणि ‘अस्सं’ म्हणून पान उलटले होते. ते मला समजले शिशाचे तुकडे मागेपुढे करताना. कागदाप्रमाणे ताठ चौकट जोडून मोकळा झालो असतो, तर सिद्धांत पुस्तकातच राहिला असता. तिसऱ्या पक्षाला माझे उत्तर एवढेच आहे : पत्रा कोरणारा शहाणा असेल, पण त्याचा शहाणपणा त्याच्यापाशी आहे. तो माझ्यापर्यंत येतो तो कागद पाळून नव्हे, कागद खऱ्या इंजिनाशी ताडून पाहताना.

आणखी एक हिशेब सांगतो, कारण घरातल्या मुलांना तो करून बघता येईल. या इंजिनाचे जोडचाक सुमारे अडीच फुटी. नमुन्यात १० मिलिमीटर. एका फेऱ्यात ते ३१ मिलिमीटर पुढे जाते. खेड्यातली गाडी ताशी पंधरा मैलांनी धावते असे धरले तर सेकंदाला बावीस फूट, म्हणजे नमुन्यात ८८ मिलिमीटर. म्हणजे चाकाचे सेकंदाला पावणेतीन-तीन फेरे. मोटार मात्र मिनिटाला दहा हजार फेरे घेते, सेकंदाला १६७. तर दंतचक्रांनी वेग साठपटीने उतरवायला हवा. खेळण्यात तो विसपटीने उतरवतात, मग मॅनिफोल्ड खोऱ्यातली दुधाची गाडी ताशी पंचेचाळीस मैलांनी, डेक्कन क्वीनच्या ऐटीत टेबलावरून निघून जाते. ती गाडी दुधाचे कॅन घेत, थांबत, गप्पा मारत जायची. तिला तिची चाल परत द्यायची असेल तर एक दंतचक्र बदलावे लागते. एवढेही करायचे नाही आणि वर म्हणायचे, चालतंय की! चालतंय हो, पण कोण चालतंय?

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. तयार वस्तूंशी माझे वैर नाही. माझ्या घरी तयार साबण आहे, तयार बूट आहेत, आणि यंदा चिवडाही तयार आणला आहे. पण दिवाळीत तुमच्या अंगणातला किल्ला आठवा. दगड-विटा रचून, पोत्यावर चिखल थापून, अळीव पेरून मुले जो किल्ला करत आली, त्याचे बुरूज वाकडे असतात आणि महाराज दरवाजापेक्षा मोठे असतात. आता बाजारात प्लास्टरचा रंगवलेला किल्ला मिळतो. तो निर्दोष असतो. पण तो आणून ठेवलेल्या मुलाला विचारा, पाणी कुठून आणलेस? टाके कुठे आहे? चोरदरवाजा कोणत्या अंगाला? त्याला असे प्रश्न पडलेलेच नसतात, कारण ते विकणाऱ्याने आधीच मिटवून टाकलेले असतात. चिखलात हात घातलेल्या पोराला मात्र चौथ्या दिवशी कळते की, पाणी उताराने वाहते आणि मातीची भिंत तळाशी रुंद लागते. राजगड बांधणाऱ्यांना जे ठाऊक होते त्यातले हे चिमूटभर का होईना, त्याच्या हातात उतरते. तयार इंजिन विकत घेण्यात पाप नाही. पण ते घेऊन आपण इंजिन मिळवले असे समजू नये. आपण ते मिळवण्याचा प्रसंग टाळला.

हात मळवण्याबद्दल आपल्या पांढरपेशा घरांत जी नाखुषी आहे, तीही या पक्षाच्या पोटात दडलेली असते. पितळेला डाग देणे, कल्हई करणे, ठोके देऊन भांडे घडवणे, या गोष्टी आपण कासारांवर, तांबटांवर, कल्हईवाल्यांवर सोडल्या आणि त्यांना पंगतीत शेवटी बसवले. माझ्या सोल्डरिंगच्या टोकाला मी प्रथम कथलाचा पातळ थर चढवतो. भांड्याला कल्हई करताना कल्हईवाला नवसागराची धूळ टाकून धातू स्वच्छ करतो आणि मग कथील फिरवतो, त्यातली आणि यातली विद्या एकच. धातूवरचा मळ गेल्याशिवाय धातू धातूला धरत नाही. ही विद्या आमच्या गल्लीत ओरडत यायची आणि आम्ही तिच्याशी पैशांची घासाघीस करायचो. इंग्लंडात निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पाद्री कानस घेऊन बसतात आणि ते काम त्यांना कमीपणाचे वाटत नाही. टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून अशाच स्वयंसेवकांनी चालू ठेवली आहे. मोडीत निघालेली रेल्वे हौसेच्या लोकांनी चालवायला घेतल्याचे जगातले ते पहिले उदाहरण.

दुसऱ्या पक्षाला काय सांगू? त्यांच्या स्नेहाला माझा नकार नाही. त्यांनी नऊवर चालवावे, मी पाहायला जाईन आणि त्यांचा चहा पिईन. पण सोय ही सोय म्हणूनच सांगावी, माप म्हणून सांगू नये. “आमच्या रुळांसाठी आम्ही तीन इंच सोडले” असे पाटीवर लिहिले, तर माझी तक्रार संपली. तक्रार आहे ती, पाहायला आलेल्या मुलाला “बार्शीची गाडी अशीच होती” म्हणून सांगण्याबद्दल.

आणि सुधारणेच्या नावाखाली वाटेल ते चिकटवणाऱ्यांचाही मी पक्षपाती नाही. ज्याचा पुरावा छायाचित्रात नाही, नकाशात नाही, मोजमापात नाही, ती भर म्हणजे सुधारणा नव्हे, नटवेगिरी. माझ्या पाकिटात तो मोठा दिवाही होता आणि कागदावर उत्तरकाळातला रंगही सुचवला होता. पण दिवा सुरुवातीच्या छायाचित्रांत दिसतो आणि नंतरच्या छायाचित्रांत नाहीसा होतो. दोन्ही एकदम लावले तर असे इंजिन कोणत्याच सकाळी कोणत्याच स्टेशनात उभे नव्हते. मी दिवा ठेवला आणि सुरुवातीचा तपकिरी रंग दिला. दिवा बार्शीचा आहे, तो मी कसा टाकीन?

इथे मुख्य दुखण्यावर येतो. सव्वाआठ मैलांची, तीस वर्षांत आटोपलेली, गायी आणि दूध यांच्यापलीकडे फारसे काही न पाहिलेली एक रेल्वे. तिची दोन्ही इंजिने वितळून गेली. तरीही कोणीतरी तिचे नकाशे जपले, छायाचित्रे तारखांसकट लावून ठेवली, आणि म्हणून आज तिचा पत्रा कोरता येतो, आणि त्यातला एक मिलिमीटर चुकला आहे हे मला इथे बसून सांगता येते. जिच्यापासून ती निघाली ती आपली बार्शी रेल्वे शंभर वर्षांहून अधिक चालली, सव्वातीनशे किलोमीटर चालली, आषाढी-कार्तिकीला माणसे टपापर्यंत भरून चालली. तिच्या पहिल्या आठ जोडचाकी इंजिनाचा असा पत्रा मला कोठल्याही दुकानात मिळाला नाही. तो मी स्वतः कापायला घेतला आहे, आणि पावलोपावली अडतो आहे. पाण्याच्या टाकीची लांबी किती? पायरी किती उंचीवर? शेडमध्ये नेल्यावर कुर्डुवाडीच्या मिस्त्रींनी काय काय बदलले? भावना पुष्कळ मिळतात. बार्शी लाइटच्या आठवणी सांगताना लोकांचे डोळे भरून येतात, गाडी किती हळू चालायची याचे विनोद तर शेकड्याने मिळतात. मापे मागितली की मात्र सगळे गप्प. आपण गाडीवर प्रेम केले, तिची थट्टा केली, तिच्यात बसून विठोबाला गेलो. मोजून मात्र ठेवले नाही. “चालतंय की” म्हणता म्हणता ती चालायची थांबली.

हे अजून पुरते हातचे गेलेले नाही. कुर्डुवाडी, पंढरपूर, बार्शी, लातूर, मिरज या पट्ट्यातल्या किती घरांत रेल्वेत नोकरी केलेले आजोबा, काका, मामा आहेत. कोणी फायरमन होते, कोणी फिटर, कोणी पॉइंट्समन. दिवाळीला सगळे घरी जमणारच आहात. फराळ झाल्यावर त्यांच्यापुढे वही ठेवा. भट्टीचे दार कोणत्या अंगाला उघडायचे, रेग्युलेटर कुठे होता, छपरापर्यंत हात पोचायचा का, चाक त्यांच्या छातीला लागायचे की कमरेला, हे विचारा. त्यांची उंची तुम्हांला ठाऊक आहे, म्हणजे माप आपोआप मिळेल. माळ्यावर एखादे छायाचित्र असेल तर त्याच्या मागे साल आणि स्टेशन लिहा. एखादी पितळी पाटी, कंदील, किल्ली असेल तर ती कल्हईवाल्याला किंवा भंगारवाल्याला देण्याआधी मोजपट्टी लावून तिचे चित्र काढा. लहान मुलांना हे काम सांगा. त्यांना ते फटाक्यांपेक्षा आवडेल असे मी म्हणत नाही, पण फटाके संपल्यावर पुष्कळ वेळ उरतो.

ज्यांना अजूनही वाटते की, एका मिलिमीटरने काही बिघडत नाही, त्यांनी संपादकांकडे खुशाल पत्र पाठवावे. मी उत्तर देईन. फक्त पत्र टाकण्यापूर्वी घरातल्या मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी काढून नऊ आणि दहा या दोन रेघा शेजारी शेजारी आखून पाहाव्यात, आणि वरच्या रेघेवर बार्शीची गाडी उभी करता येते का, हे आधी त्या मुलालाच विचारावे.